गचाचा म्हणजे सरसकट माफी नव्हे

रवांडात १९९४ मध्ये झालेल्या तुत्सी समाजाच्या नरसंहारानंतर गावकरी झाडाखाली बसले, एकमेकांची कर्मकहाणी ऐकली आणि गचाचा या गावपंचायतीच्या जुन्या प्रथेप्रमाणे सगळ्यांना माफ करून मोकळे झाले, ही गोष्ट वर्षानुवर्षं फिरतेय. गोड आहे, पण खोटी.

मूळची गचाचा जमिनीचे, गुरांचे, भाऊबंदकीचे तंटे मिटवायची. नरसंहाराचे खटले चालवणारी गचाचा न्यायालयं २००१ च्या कायद्याने उभी राहिली. पंच गावानेच निवडलेले; वकिलांना मज्जाव. साक्षी बहुतेक चारचौघांत व्हायच्या. गुन्हा कबूल केला तर शिक्षा कमी व्हायची, रद्द नाही, जन्मठेपाही झाल्या. २०१२ पर्यंत दहा लाखांहून जास्त खटले निकाली निघाले.

आणि रवांडन पॅट्रिऑटिक फ्रंटच्या (आरपीएफ), म्हणजे आजच्या सत्ताधारी पक्षाच्या, सैनिकांनी केलेल्या हत्या? त्या या न्यायालयांच्या कक्षेबाहेरच ठेवल्या गेल्या.