वतन गेलं, दप्तर उरलं

पुणे जिल्ह्यातल्या जुन्या वाड्यांच्या माळ्यावर आजही एखादं गाठोडं सापडतं. विटलेलं कापड, चारी टोकं आवळून मारलेली गाठ, वर धुळीचा थर. याला रुमाल म्हणतात. गाठ सोडली की आधी कसर लागलेल्या कागदाचा वास येतो, मग एकेक बंद, म्हणजे लिहिलेला सुटा कागद, हाताला लागतो. असे रुमाल उघडून कागद हलक्या हाताने झटकणारी, त्यांचे फोटो काढणारी, जमेल तसं जुनी मोडी लिपी वाचणारी मंडळी आता गावोगाव दिसतात. कोणी शाळेत शिकवतं, कोणी बँकेतून निवृत्त झालंय, कोणी कॉलेजात आहे. पगार नाही, पद नाही. हे काम या लोकांच्या अंगावर कसं आलं, ते बघायचं तर कुलकर्ण्यापासून सुरुवात करावी लागते.

गावाचं लिहिणं हे कुलकर्ण्याचं वतन, म्हणजे पिढीजात हक्काचं काम, होतं. जमिनीचा हिशेब, वसूल, बलुत्याचा वाटा, सगळं त्याच्या दप्तरात. तंटा झाला की गोत, म्हणजे गावाची न्यायसभा, बसायचं, साक्षी व्हायच्या आणि निवाड्याचा कागद, महजर, लिहिला जायचा. त्याखाली पाटलाची निशाणी नांगर, कुलकर्ण्याची लेखणी, बलुतेदारांची आपापल्या कामाची हत्यारं. लिहिता न येणारा माणूसही त्या कागदावर हजर असायचा, ही मला फार मोलाची गोष्ट वाटते. आणि कागद जपला जायचा तो इतिहास म्हणून नव्हे. उद्या भाऊबंद उठला तर दाखवायला पुरावा हवा, म्हणून. नांगराचा फाळ जपावा तसा कागद जपायचे.

इंग्रजी अमलात इनाम कमिशन आलं आणि इनामं, वतनं तपासायला सनदा व जुने कागद पुढे आणायला लावले. पेशव्यांच्या कारभाराची दप्तरं पुण्यात एकवटली, ती आज पेशवे दप्तर म्हणून ओळखली जातात. पण घरांतले कागद घरांतच राहिले. त्यांच्या मागे पहिल्यांदा जिद्दीने लागले ते वि. का. राजवाडे. सरकारी नेमणूक नाही, पदरचा पैसा थोडा, तरी घरोघर जाऊन, मालकांची मनधरणी करून त्यांनी कागद मिळवले. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधनें’चा पहिला खंड १८९८ साली निघाला आणि पुढे २२ झाले. १९१० साली त्यांनी आणि खं. चिं. मेहेंदळे यांनी पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ काढलं. पुढे ग. ह. खरे यांच्यासारख्यांनी त्याच वाटेने आयुष्यं घालवली. आजच्या स्वयंसेवकाचा मूळपुरुष शोधायचा तर तो इथे सापडतो.

या सगळ्या काळात कागदाची वाट गावाकडून पुण्याकडे होती. त्यामुळे तो वाचला, याबद्दल ऋण मानलंच पाहिजे. पण छापायला निवड व्हायची तेव्हा भर बहुतेक राजकारणावर राही. गो. स. सरदेसाई यांनी १९३० नंतरच्या चार-पाच वर्षांत पेशवे दप्तरातून ४५ खंड काढले, केवढं प्रचंड काम ते! तरी एखाद्या वाडीतल्या माणसाने त्यात आपल्या विहिरीचा तंटा शोधायला जावं तर हाती फारसं लागत नाही.

गाव म्हणून गावाकडे बघणारे निराळे होते. १८२० च्या सुमारास थॉमस कोट्स या इंग्रज डॉक्टराने लोणीकंदचं वर्णन लिहून ठेवलं. समाजशास्त्रज्ञ घुर्ये सव्वाशे वर्षांनी त्याच गावाकडे वळले. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे हॅरल्ड मॅन यांनी पिंपळे सौदागरचा घरटी अभ्यास करून १९१७ साली छापला. त्यातला एक आकडा विसरता येत नाही: १७७१ साली तिथली सरासरी जमीनधारणा ४० एकर होती, १९१५ पर्यंत ती ७ एकरांवर आली. १७७१ चा आकडा मिळाला कारण तेव्हाचं लिहिणं टिकलं होतं. आज तिथे टोलेजंग सोसायट्या आहेत, आणि त्या शेतांची नावं सांगणारी माणसं मोजकी उरली असतील.

मग १९५० साली कायद्याने कुलकर्णी वतन गेलं आणि १९६२ च्या कायद्याने पाटीलकी. वतनं जाणं योग्यच होतं, त्यांच्या ओझ्याखाली कितीतरी घरं पिढ्यान् पिढ्या दबली होती. पण त्याबरोबर माळ्यावरच्या कागदाचं कामही संपलं. कोर्टात त्याला पूर्वीचं वजन उरलं नाही. त्याच सुमारास शाळेतून मोडी गेली, म्हणजे नातवाला आजोबांचं अक्षर लागेना. पुढचं वर्षानुवर्षं चालू राहिलं: कोणी रद्दीत घातले, कोणी देवाचं काही असेल म्हणून नदीत सोडले, कोणी पाणी तापवायला बंबात घातले. वाळवीला दोष देतात लोक, पण माझ्या मते वाळवीपेक्षा बंबाने जास्त खाल्लं.

धरणांनी वेगळी हानी केली. १९२१ साली सेनापती बापटांनी लढा दिला तरी मुळशीची गावं पाण्याखाली गेलीच. उजनीच्या पाण्यात पळसदेवचं जुनं मंदिर बुडालं. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की शिखर वर येतं आणि लोक बघायला जातात. मंदिर निदान वर येतं. पांगलेल्या घरांच्या आठवणी तशा येत नाहीत.

कागदात जे कधीच नव्हतं, ते सांभाळलं बायांनी. हेमा राईरकर आणि गी प्वातवें यांनी १९८० च्या दशकात मावळ-मुळशीच्या डोंगरी गावांतून जात्यावरच्या ओव्या टिपायला घेतल्या आणि त्या कामातून एक लाखाहून जास्त ओव्या जमल्या. महजरात बाईची साक्ष क्वचित. ओवीत सासर, माहेर, भाऊ, बाबासाहेब, दुष्काळ सगळं तिच्या तोंडून. गावाचा इतिहास जमवणाऱ्याने रुमालाइतकंच जात्यापाशीही बसायला हवं, हा धडा मी या कामातून घेतला.

आता प्रत्यक्ष काम कसं चालतं ते. मोडीत शब्द तोडलेले नसतात, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नसतो, आणि तारीख असते ती अशी: ‘सन इसन्ने समानीन मया व अलफ’. इसन्ने दोन, समानीन ऐंशी, मया शंभर, अलफ हजार. झाले ११८२. मराठी कागदांतला हा जुना सुहूर सन मृगाला सुरू होतो, म्हणून त्यात ५९९ किंवा ६०० मिळवायचे, म्हणजे १७८१-८२. पहिल्यांदा हे गणित सुटलं तेव्हा कागदाच्या मालकीणबाई, सत्तरीच्या पुढच्या, हात पदराला पुसून जवळ येऊन बसल्या. “म्हंजी आमचं घर तवापासनं हितंच?” एवढंच त्यांनी विचारलं.

वीरगळांचं, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांच्या स्मारकशिळांचं, तसंच. वेशीबाहेर, मारुतीच्या पाराला टेकून उभे असलेले हे दगड शेंदूर आणि तेलाने माखलेले असतात. खालच्या चौकटीत लढाई, वर अप्सरा वीराला नेताना, सगळ्यांत वर तो शिवलिंगापुढे हात जोडून, शेजारी चंद्र-सूर्य. उत्साहात तारेच्या ब्रशने घासला तर नक्षी जाते आणि गावाची श्रद्धाही दुखावते. म्हणून आधी पुजाऱ्याशी बोलायचं, मग साधं पाणी आणि मऊ ब्रश, आणि फोटो रात्री, बॅटरीचा उजेड बाजूने तिरपा पाडून. दिवसा न दिसणारी तलवार तेव्हा दिसते.

घाई आहे हेही खरं. २०१७ साली ११ आणि २०२१ साली आणखी २३ गावं पुणे महापालिकेत आली. ग्रामपंचायत गेली की तिचं दप्तरही हलतं, आणि शेताला ‘लवण’, ‘चिंचेचा मळा’ म्हणणारी जीभ सर्व्हे नंबरावर येते. म्हणून काहीजण म्हाताऱ्या माणसांना बांधावर नेऊन शेतांची नावं नकाशावर लिहून घेतात.

राजवाड्यांच्या काळापेक्षा एक गोष्ट मात्र बदलली आहे. कागद आता गावातून हलवायचा नसतो. फोटो काढून झाले की तो नव्या धुतलेल्या कापडात बांधतात, उंदरापासून जपायला पत्र्याच्या पेटीत ठेवतात, आणि वाचून काढलेली बाळबोध, म्हणजे देवनागरी, प्रत घरच्यांच्या हातात देतात. त्या आजींनी आपली प्रत देव्हाऱ्यामागे ठेवली आणि पेटीची किल्ली मंगळसूत्राला अडकवली.