पॉपलर लपवणारा लेखक

लंडनच्या ईस्ट एंडमधल्या गरीब वस्त्यांचं चित्रण म्हटलं की आर्थर मॉरिसनचं नाव निघतंच. पण आपण तिथलेच, हे त्याने कधी कबूल केलं नाही. जन्म केंटमधला, असं तो सांगे. खरं तर १८६३ साली तो जन्मला पॉपलरमध्ये, गोदीच्या सावलीत. वडील गोदीत इंजिन फिटर.

कारकुनी करत तो माइल एंडच्या पीपल्स पॅलेसमध्ये आला. कामगारांच्या शिक्षणासाठी आणि करमणुकीसाठी निघालेली ही संस्था. तिच्या पत्रिकेचं काम करताना त्याचा हात लिहिता झाला आणि १८९४ मध्ये 'टेल्स ऑफ मीन स्ट्रीट्स' हा कथासंग्रह आला. त्यातली एक आई विसरता येत नाही. मुलगा मरणपंथाला लागलेला. त्याला ताकद यावी म्हणून पोर्ट वाइन आणायला डॉक्टरकडचे पैसे मिळतात. ती ते खर्चत नाही. अंत्ययात्रा थाटात निघायला हवी ना! मॉरिसन तिला दोष देत नाही, कीवही करत नाही. ही अलिप्तता त्या काळच्या परोपकारी वाचकांना चांगलीच झोंबली असणार.

तो संग्रह वाचून शोरडिचचे पाद्री ऑस्बर्न जे यांनी त्याला आपल्या भागात बोलावलं. तिथली ओल्ड निकोल ही वस्ती चोऱ्यामाऱ्यांसाठी कुप्रसिद्ध होती. तिच्यावर बेतलेली 'अ चाइल्ड ऑफ द जेगो' १८९६ मध्ये आली. अतिशयोक्तीचा आरोप झाला. मॉरिसन हटला नाही.

कादंबरी आली तेव्हा वस्तीवर हातोडा पडलाच होता. लंडन काउंटी कौन्सिलने तिथे बाउंडरी इस्टेट ही नवी वसाहत उभारली. १९०० मध्ये प्रिन्स ऑफ वेल्सच्या हस्ते उद्घाटन झालं. सुमारे ५,७०० माणसं उठवली गेली. नव्या इमारतींत जुन्यांपैकी घर मिळालं ११ जणांना. भाडंच परवडणारं नव्हतं; बाकीचे शेजारच्या, आधीच खचाखच भरलेल्या गल्ल्यांत पांगले. पाडलेल्या घरांच्या राडारोड्याचा ढिगारा वसाहतीतल्या आर्नल्ड सर्कस या गोल चौकाच्या मधोमध रचला. त्यावर आज झाडं आहेत.

१९०२ च्या 'द होल इन द वॉल'मध्ये तो गोदीकाठच्या दारूच्या गुत्त्याकडे वळला. माझ्या मते ही त्याची सर्वांत चांगली कादंबरी. पुढे मात्र त्याचं मन जपानी चित्रांत रमलं. त्या चित्रकारांवर १९११ मध्ये त्याने दोन खंडांचा ग्रंथ लिहिला आणि त्याचा चित्रसंग्रह १९१३ मध्ये ब्रिटिश म्युझियममध्ये गेला. १९४५ मध्ये तो वारला.