पुरुमेंत आणि शाकारणी : गोव्यातल्या घराची मे महिन्यातली तयारी

थंडीसाठी घर सज्ज करायची वेळ गोव्यावर येत नाही. पणजीत जानेवारीच्या रात्रीही पारा २० अंशांच्या आसपास रेंगाळतो. पेटीतली गोधडी काढली की झालं. इथल्या घराने धास्ती घेतली ती पावसाची. किनाऱ्यावर वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर, आणि सत्तरी-सांगेच्या डोंगरपट्ट्यात त्याहून बराच जास्त पाऊस पडतो. त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत.

सोळाव्या शतकातले पोर्तुगीज या चार महिन्यांनाच हिवाळा म्हणत. १५८३ साली गोव्यात आलेला आणि आर्चबिशपच्या पदरी राहिलेला डच माणूस लिन्सखोटेन यानेही पावसाळ्याचं वर्णन हिवाळा म्हणूनच केलं आहे. गलबतं नदीत आणून त्यांवर चटयांचं छप्पर घालतात, असं तो सांगतो. थंडीचा पत्ता नसताना हिवाळा कसला, असं आपल्याला वाटेल. पण त्यांच्या दृष्टीने दर्या बंद झाला, व्यापार थांबला, माणसं घरात अडकली; आणखी काय हवं? वादळी वाऱ्यात आणि नदीमुखाशी साचणाऱ्या वाळूत मांडवीत शिरणं जहाजांना अवघड होई. पूर्वेला घाट होते, पण चिखलात बैलांचे तांडे चालत नसत. म्हणजे दोन्ही दारं बंद. घरात जे असेल त्यावर दिवस काढायचे.

यातूनच पुरुमेंत, म्हणजे पावसाळ्यासाठी करून ठेवायचा साठा, आला. म्हापसा-मडगावच्या बाजारात मे महिन्यात आजही त्याच्या खरेदीची गर्दी दिसते, आणि मडगावच्या होली स्पिरिट चर्चच्या फेस्ताला (वार्षिक उत्सवाला) तर लोक पुरुमेंताचं फेस्त म्हणूनच ओळखतात. चर्चच्या फेस्ताला भरलेल्या बाजारात हिंदू घरांचीही खरेदी होते, यात गोव्यात कुणाला नवल वाटत नाही.

या खरेदीमागचं गणित मोठं नेटकं आहे. मिठागरांत मीठ तयार होतं ते कडक उन्हाच्या महिन्यांत, पहिल्या सरीपर्यंत. दर्या बंद होण्याआधी मिळालेले बांगडे त्याच मिठात खारवतात, गोलमो (बारीक कोळंबी) उन्हात वाळवतात. भिरंडं, म्हणजे कोकमाची फळं, पिकतात एप्रिल-मेमध्ये, म्हणून त्यांची सोलंही तेव्हाच सुकवायची. एक वळवाची सर आली तरी बुरशी धरते. फणसाची साठं, सांडगे, कैरीचं लोणचं, वर्षभराची मिरची हे सगळं त्याच उन्हात व्हायचं. म्हणजे टंचाईची भीती हे पुरुमेंताचं अर्धंच कारण. उरलेलं अर्धं असं की सुकवण्याजोगं जे काही आहे ते नेमकं याच महिन्यांत हाताशी येतं. श्रावणात हिंदू घरांत मासळी शिजत नसे, तेव्हा कुळीथ आणि सांडगे कामाला येत. बाकीच्या दिवसांत भाताच्या पेजेबरोबर भाजलेला सुका बांगडा, एवढंच जेवण पुष्कळ घरांत असे.

घराच्या अंगावरचं काम वेगळं. चिऱ्याच्या भिंती पाणी शोषतात, म्हणून त्यांना शिंपल्या भाजून केलेल्या चुन्याचा गिलावा. काच महाग होती, तेव्हा खिडक्यांना नदीतल्या चपट्या शिंपल्यांची तावदानं बसवली. बाहेर पाऊस आणि आत दुधी उजेड. पडव्यांच्या उघड्या बाजूला माडाच्या झावळांचे विणलेले झाप बांधायचे. लाकडं आणि शेणी कोरड्या जागी रचायच्या. आणि सगळ्यात जोखमीचं काम म्हणजे शाकारणी, छपरावर चढून कौलं नीट लावून घेणं. १८६५ साली मंगळुरात बासेल मिशनने कौलांचा कारखाना काढला आणि पुढे ती चपटी कौलं गोव्यातही आली. त्याआधी अर्धगोल नळेच होते, आणि माकडाने किंवा मांजराने एक नळा सरकवला की माजघरात धार. शाकारणारा गडी मेमध्ये मिळाला नाही, तर जूनमध्ये घरभर भांडी मांडायची.

हा साचा हळूहळू मोडला. १८८० च्या दशकात मुरगाव बंदरापासून घाटावर रेल्वे गेली आणि पावसातही माल येऊ लागला. १९५५ च्या सुमारास भारताने गोव्याची आर्थिक नाकेबंदी केली, तेव्हा घाटावरचा माल बंद झाला. बटाटे हॉलंडहून, भाजी-तांदूळ पाकिस्तानातून, चहा सिलोनमधून येऊ लागला. साठा करून ठेवायची सवय असलेल्या घरांना तेव्हा तिचा उपयोग झाला असणार. १९६१ नंतर मात्र रस्ते झाले, बेळगावची भाजी रोजची झाली, फ्रीज आला. आता जून-जुलैत यांत्रिक मासेमारीवर बंदी असते ती माशांच्या विणीसाठी, कायद्याने. तरी बाजारात बाहेरची मासळी बर्फातून येतेच.

पुरुमेंत आज निकडीपेक्षा आवडीपोटी होतं. छपराचं तसं नाही. कौलं उतरवून ज्यांनी हौसेने स्लॅब घातला, त्यांतल्या कित्येकांनी तो गळू लागल्यावर वर लोखंडी सांगाडा उभारून उतरते पत्रे टाकले आहेत. जुन्या कौलांनाही नेमका तसाच उतार होता.