पित्त, पाठ आणि हृदय: बायकांच्या दुखण्याची अडीचशे वर्षं

सोलापुरात बिडी वळणाऱ्या बाईची पाठ दुखणं ही काही बातमी नाही. मांडीवर सूप, सुपात कापलेली पानं नि तंबाखू, मान खाली, हजार बिड्या होईपर्यंत तीच बैठक. खांदे भरून येतात, मानेत कळ येते, तंबाखूच्या धुळीनं खोकला लागतो. त्याच पाठीत, त्याच खांद्यात एखाद्या दिवशी निराळं, हृदयाचं दुखू लागलं तर त्याला कारण आधीच हजर असतं. छातीत जळजळलं तर पित्त, पोटात वर दाटून आलं तर गॅस. ओवा, काळं मीठ, सोडा, फार तर मेडिकलमधली एक गोळी. दरदरून घाम फुटला तर सोलापूरचा उन्हाळा आहेच. या घरगुती निदानाला नावं ठेवणं सोपं आहे, पण वैद्यकशास्त्रानंही बराच काळ जवळपास हेच केलं.

हृदयाच्या दुखण्याचं आपल्याला परिचित असलेलं वर्णन लंडनचे डॉक्टर विल्यम हेबर्डन यांनी १७६८ मध्ये मांडलं: चालताना, विशेषतः चढण चढताना किंवा जेवणानंतर छातीत आवळल्यासारखं दुखतं आणि थांबलं की ओसरतं. पुढे त्यांनी लिहिलं की असे सुमारे शंभर रुग्ण आपण पाहिले. त्यांत बायका तीन, एक बारा वर्षांचा मुलगा, बाकी सगळे पुरुष, बहुतेक पन्नाशीच्या आसपासचे. यात तथ्य होतंच. बायकांना हा आजार साधारण दहा वर्षं उशिरा गाठतो, पाळी गेल्यानंतर धोका वाढतो. पण अठराव्या शतकातल्या लंडनमध्ये नामांकित डॉक्टरच्या दारात कोण जाऊ शकत होतं, हाही प्रश्न त्या आकड्यात दडलेला आहे. ‘छातीवर हात दाबून कोसळणारा पन्नाशीचा गृहस्थ’ हे चित्र मात्र पक्कं झालं.

१९४८ मध्ये अमेरिकेतल्या फ्रामिंगहॅम गावात हृदयरोगाचा माग काढायला सुरू झालेल्या अभ्यासात ५,२०९ स्त्री-पुरुष होते. म्हणजे बायकांना मोजायची सोय झाली होती. तरी सुरुवातीच्या निष्कर्षांवरून समज असा पसरला की बाईच्या छातीतलं दुखणं पुरुषाइतकं घातक नसतं. १९६४ मध्ये तिथल्या हृदयरोग संघटनेनं बायकांसाठी पोर्टलँडला पहिली परिषद भरवली, ती नवऱ्याचं हृदय कसं सांभाळावं हे शिकवायला! वाचताना हसू येतं, पण आपल्याकडेही ‘यांना तेल कमी, मीठ कमी’ असा वेगळा डबा भरणाऱ्या बाईचं स्वतःचं बीपी कुणी कधी मोजलेलं असतं? १९८० च्या दशकात निकाल जाहीर झालेल्या मोठ्या चाचण्यांतही तेच दिसतं. धोक्याचे घटक कमी करण्याच्या एका चाचणीत १२,८६६ जण, सगळे पुरुष. ॲस्पिरिनच्या गाजलेल्या चाचणीत २२,०७१ डॉक्टर, तेही सगळे पुरुष.

१९९१ मध्ये हृदयरोगतज्ज्ञ बर्नाडिन हीली यांनी हे जाहीरपणे मांडलं: आपला आजार पुरुषासारखाच आहे हे सिद्ध करेपर्यंत बाईला पुरुषासारखे उपचार मिळत नाहीत. १९९३ मध्ये अमेरिकेत कायदा झाला आणि सरकारी पैशावरच्या चाचण्यांत बायकांना घेणं बंधनकारक ठरलं.

मग बायकांनाच विचारायला सुरुवात झाली. २००३ मध्ये हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या ५१५ जणींनी सांगितलं ते असं: सुमारे ७१ टक्के जणींना आधीपासून विलक्षण थकवा होता, जवळपास निम्म्या जणींची झोप बिघडली होती आणि प्रत्यक्ष झटक्यात ४३ टक्के जणींच्या छातीत दुखलंच नाही. २०१२ मध्ये झटक्याच्या अकरा लाखांहून अधिक रुग्णांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा छातीत न दुखता आलेल्या बायका ४२ टक्के निघाल्या आणि पुरुष सुमारे ३१ टक्के.

इथून एक नवीच अर्धवट गोष्ट फिरू लागली, की बायकांच्या छातीत दुखतच नाही. मला ती जुन्या समजाइतकीच धोक्याची वाटते. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, पंचावन्नपर्यंतच्या वयाच्या रुग्णांच्या अभ्यासात ८७ टक्के बायकांना छातीत दुखणं, दाब किंवा आवळणं जाणवलं होतं. पुरुषांत ते ८९.५ टक्के. फरक होता तो सोबतच्या तक्रारींत. मळमळ, धाप, जबड्यात, मानेत किंवा दोन्ही खांद्यांच्या मधे कळ, असं बायका एकदम तीन-चार गोष्टी सांगत. आणि ऐकणाऱ्यातही फरक होता. झटक्याआधी याच तक्रारी घेऊन डॉक्टरकडे गेलेल्यांपैकी ५३ टक्के बायकांना ‘हे हृदयाचं नाही’ असं सांगितलं गेलं होतं. पुरुषांत ३७ टक्के. वय झालं किंवा मधुमेह जुना असला की स्त्री असो वा पुरुष, छातीतली कळ बोथट होते, हेही या हिशेबात धरायला हवं.

सोलापुरात याला स्थानिक भर आहे. तेलुगू, कन्नड, मराठी, उर्दू अशा चार भाषांत ‘जीव घाबरा होतोय’ सांगितलं जातं, आणि ऐकणाऱ्याला तो नुसता घाबरटपणा वाटू शकतो. दातांना मिश्री लावण्याची सवय तंबाखूचीच, पण ‘व्यसन आहे का’ या प्रश्नावर बाई ‘नाही’ म्हणते आणि कागदावर ‘नाही’च लिहिलं जातं. पैशाची अडचण थोडी हलली ती जुलै २०१२ मध्ये. तेव्हाची राजीव गांधी जीवनदायी, आजची महात्मा फुले योजना ज्या आठ जिल्ह्यांत प्रथम आली त्यांत सोलापूर होतं, आणि अँजिओप्लास्टी तिच्या यादीत होती. रेशनकार्डावर ही सोय झाली, पण तिचा उपयोग निदान झाल्यावर. त्याआधीचे तास घरातच जातात: स्वयंपाक आवरून, पोरं शाळेतून आली की, नवरा पाळीवरून परतला की जाऊ. मग दवाखान्यात पहिला ईसीजी साधा आला तर पित्ताचं औषध हातात पडतं. दुखणं चालू असेल तर ईसीजी पुन्हा काढायचा आणि काही तासांच्या अंतरानं रक्तातलं ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाली की वाढणारं प्रथिन) तपासायचं, हा आता नियम आहे. तेवढा वेळ तिला तिथे थांबवून घ्यावं लागतं, आणि घरी कुणीतरी चूल सांभाळावी लागते.