शिक्का कुणाचा, आकार कुणाचा?

ओल्या कपाला दोन्ही बाजूंनी अंगठ्याने दाबून खळगे पाडायचे, कच्ची भाजणी झाली की दुधी ग्लेझ, म्हणजे भाजल्यावर काचेसारखा होणारा लेप, असं ओतायचं की ते बुडाच्या दोन बोटं वरच थांबेल. खाली नुसती माती दिसते आणि कप हातात घेतला की बोटं आपोआप खळग्यांत बसतात. एका स्वतंत्र महिला कलाकाराने असा कप घडवला, त्याचा फोटो टाकला. काही महिन्यांनी दुसऱ्याच्या नावाने तसाच कप विकायला आला. ती म्हणते, माझी डिझाइन चोरली. तो म्हणतो, असे कप शेकडो वर्षं होत आलेत. अडचण ही की दोघांचंही म्हणणं खरं असू शकतं.

हाताने घडवलेल्या सिरॅमिक्सच्या जगात असे वाद आता वरचेवर होतात, आणि ते क्वचितच सुटतात. माझ्या मते त्याचं मूळ आजच्या कलाकारांच्या स्वभावात नाही. भांडं घडवणाऱ्याचं नाव आणि भांड्याचा आकार यांची सांगड कुंभारकामात फार उशिरा पडली, आणि ती अजून नीट बसलेली नाही.

चीनमधल्या जिंगदेजेनच्या भट्ट्यांचं उदाहरण घ्या. कांगशी सम्राटाच्या काळात (१६६२ ते १७२२) तिथे घडलेल्या कितीतरी भांड्यांच्या बुडावर चेंगह्वा सम्राटाच्या राजवटीचा शिक्का सापडतो. चेंगह्वाचा काळ १४६५ ते १४८७, म्हणजे दोनशे वर्षं आधीचा. आजचा संग्राहक याला सरळ बनावट म्हणेल. त्या काळी मात्र त्यात बहुतेकदा आदर होता, जुन्यांच्या तोडीचं काम करून दाखवल्याचा अभिमान होता. घडवणाऱ्याचं नाव भांड्यावर सहसा नसायचंच. फ्रान्सवा-झाव्हिए दांत्रकोल हा फ्रेंच धर्मगुरू १७१२ आणि १७२२ साली तिथून पत्रं लिहून पोर्सिलेन, म्हणजे चिनी मातीचं भांडं, कसं बनतं ते युरोपला कळवत होता. एक भांडं सत्तर कारागिरांच्या हातांतून जातं, असं त्याने नोंदवलं आहे. सत्तर हातांतून आलेल्या वाडग्यावर एकट्याने हक्क सांगावा तरी कसा?

युरोपमध्ये नकलेला सुरुवात झाली ती टंचाईतून. सतराव्या शतकात चीनमधली मिंग राजवट कोसळली, माल येणं मंदावलं आणि नेदरलँड्समधल्या डेल्फ्टच्या कुंभारांनी साध्या मातीवर कथिलाचं पांढरं ग्लेझ चढवून चिनी निळ्या नक्षीची हुबेहूब भांडी काढली. आज 'डेल्फ्टचं निळं' ही त्या गावाची स्वतःची ओळख मानली जाते. नक्कल पुरेशी जुनी झाली की परंपरा होते, हे कुंभारकामात पुन्हा पुन्हा दिसतं.

जर्मनीतल्या माइसेनचा प्रकार मात्र वेगळा आहे आणि जरा सविस्तर सांगण्याजोगा आहे. सॅक्सनीचा शासक आणि पोलंडचा राजा ऑगस्टस याच्या आश्रयाने १७१० मध्ये तिथे युरोपातला खऱ्या पोर्सिलेनचा पहिला कारखाना उभा राहिला. मिश्रणाचं गुपित कडेकोट राखलं जात होतं, तरी दहा वर्षांच्या आत कारागीर फुटले आणि व्हिएन्नात दुसरा कारखाना निघाला. म्हणून १७२० च्या दशकात माइसेनने निळ्या रंगात दोन तलवारींची खूण सुरू केली. पुढे पॅरिसचा एक व्यापारी, लमेर, याने जपानच्या काकिएमोन शैलीच्या नकलांची मागणी नोंदवली. त्याची अट बारकाईने पाहण्यासारखी आहे: खूण घालूच नका, नाहीतर ग्लेझच्या वर घाला. ग्लेझखालची निळी खूण भाजणीत काचेच्या थराखाली कायमची बंद होते. वरून काढलेली खूण घासून काढता येते. खूण घासली की माइसेनचा माल जपानी म्हणून कितीतरी महाग विकता यायचा. १७३१ मध्ये हे उघडकीला आलं आणि ज्याच्या आशीर्वादाने ते चाललं होतं त्या मंत्र्याला, काउंट होयमला, पद गमवावं लागलं.

या प्रकरणात जपानी कुंभाराची शैली उचलली म्हणून कुणालाही शिक्षा झाली नाही. गुन्हा ठरला तो खूण लपवण्याचा. आकार सगळ्यांचा, शिक्का मात्र मालकाचा, अशी ती समजूत होती. इंग्लंडमध्ये १८४२ नंतर भांड्यांवर नोंदणीची, पत्त्यांतल्या चौकटच्या आकाराची खूण दिसू लागली, तेव्हाही संरक्षण मिळालं ते नमुना नोंदवणाऱ्या कारखानदाराला. चाकावर बसलेल्या माणसाचा त्यात कुठेच उल्लेख नव्हता.

तो माणूस पुढे आला विसाव्या शतकात. इंग्रज कुंभार बर्नार्ड लीच आणि जपानी कुंभार शोजी हामादा यांनी १९२० मध्ये इंग्लंडच्या सेंट आइव्हज गावात भट्टी उभारली, आणि एकाच माणसाने माती मळण्यापासून भाजणीपर्यंत सगळं करायचं, या 'स्टुडिओ पॉटरी'च्या कल्पनेला तिथे बळ मिळालं. आजचा प्रत्येक स्वतंत्र सिरॅमिक कलाकार थोडाफार त्याच भट्टीचा वारस आहे. पण त्या वारशातच एक पेच दडलेला होता. त्यांचे मित्र, जपानी विचारवंत यानागी सोएत्सू यांनी १९२० च्या दशकाच्या मध्यावर हामादा आणि कुंभार कावाई कांजिरो यांच्यासह 'मिंगेई' हा शब्द रूढ केला. लोकांची कला, निनावी कारागिराने रोजच्या वापरासाठी घडवलेली वस्तू हाच सौंदर्याचा आदर्श, असा त्याचा अर्थ. म्हणजे आदर्श निनावीपणाचा, आणि पोट भरायचं ते नावावर. हामादांनी जपानला परतल्यावर भांड्यांवर खूण करणं सोडलं, पण भांडं ज्या लाकडी पेटीत जायचं तिच्यावर सही असायची. सेंट आइव्हजमध्ये रोजच्या वापराच्या भांड्यांवर भट्टीचा शिक्का उठायचा, लीचनी स्वतः घडवलेल्या भांड्यांवर त्यांच्या आद्याक्षरांचा.

ती दोन अक्षरं किती मोलाची झाली होती, हे लीच यांच्या मृत्यूनंतर थोड्याच काळात कळलं. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला इंग्लंडमधल्या एका तुरुंगातल्या कुंभारकामाच्या वर्गात कैद्यांनी 'लीच' भांडी केली आणि ती लंडनच्या लिलावांत विकली गेली. त्याआधी जपानमध्ये याहून मोठा धक्का बसला होता. कामाकुरा काळातली (बारावं ते चौदावं शतक) म्हणून १९५९ मध्ये 'महत्त्वाची सांस्कृतिक ठेव' जाहीर झालेली एक सुरई प्रत्यक्षात काटो तोकुरो या हयात कुंभाराच्या हातची निघाली. १९६१ मध्ये तो दर्जा काढून घेतला गेला आणि तिची शिफारस करणारे तज्ज्ञ कोयामा फुजिओ यांना पद सोडावं लागलं. काटो यांची कुंभार म्हणून कीर्ती मात्र त्यानंतर वाढलीच. तज्ज्ञ फसावेत इतका हात तयार असणं, हीच लोकांना थोरवी वाटली.

नावाचा अर्थ सगळीकडे सारखा नव्हता. अमेरिकेच्या न्यू मेक्सिको राज्यातल्या सान इल्देफोन्सो प्वेब्लो या मूलनिवासी गावातल्या मारिया मार्टिनेझ आणि त्यांचे पती हुलियान यांनी १९१८-१९ च्या सुमारास चकचकीत काळ्यावर मंद काळी नक्षी काढण्याची रीत बसवली. मारियांनी ती गावातल्या इतरांना शिकवली, आणि त्यांच्या सहीला जास्त भाव येतो हे कळल्यावर इतरांच्या भांड्यांवरही सही करून दिली. सही म्हणजे एकटीची मालमत्ता, हे त्यांना मान्य नव्हतं. मला या सगळ्या इतिहासात हीच गोष्ट सर्वांत जवळची वाटते.

उलट टोकाला राकू. सोळाव्या शतकात क्योटोत चोजिरोने चहाचे वाडगे घडवले, तेव्हापासून राकू हे त्या घराण्याचं नाव आहे. १९६० मध्ये अमेरिकेत पॉल सोल्डनर या कुंभाराने लालबुंद भांडं भट्टीतून काढून धुमसत्या पाल्यात टाकलं, धुराने ग्लेझच्या तड्यांत काळ्या रेषा उतरल्या, आणि जगभरच्या कार्यशाळांत त्यालाच 'राकू' म्हणू लागले. मूळ रीतीत हे धुरवणं नाही. १९७० च्या दशकाच्या अखेरीस क्योटोतल्या जागतिक परिषदेत यावर कडाक्याचा वाद झाला: रीत बदलून नाव तेच ठेवायचा हक्क कुणी दिला? उत्तर तेव्हाही निघालं नाही.

कायदा इथे फारसा कामाला येत नाही. कॉपीराइटविषयीच्या १८८६ च्या बर्न करारात पुढे उपयोजित कलेचा, म्हणजे वापराच्या वस्तूंमधल्या कलेचा, समावेश झाला, पण तिला संरक्षण कसं द्यायचं हे बरंचसं प्रत्येक देशावर सोडलेलं आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९५४ मध्ये दिव्याच्या बैठकीसाठी वापरलेल्या चिनी मातीच्या नर्तक मूर्तींना कॉपीराइट मान्य केला, आणि पुढे तिथल्या कायद्यात कसोटी ठरली ती ही, की कलाकृती वापराच्या वस्तूपासून वेगळी कल्पिता येते का. कपाचा कान कपापासून तसा वेगळा काढता येत नाही. वापरासाठीचा आकार, घडवण्याची रीत, ग्लेझचं प्रमाण यांवर सहसा कॉपीराइट मिळत नाही. मिळालाच तर मूर्तीवर, चित्रावर, नक्षीवर.

त्यामुळे स्वतंत्र कलाकारांचं भांडण लोकांसमोरच लढलं जातं. त्यातली पुष्कळ भांडणं समान पूर्वजामुळे होतात. १९३८ मध्ये व्हिएन्नाहून लंडनला आलेल्या कुंभार लूसी री यांच्या पसरट ओठाच्या बाटल्या आणि तपकिरी मँगनीजवर सुईने ओढलेल्या बारीक रेषा आज इतक्या हातांत पोहोचल्या आहेत की दोघं त्यांच्याकडूनच शिकलेले असतात आणि एकमेकांना चोर म्हणतात. कार्यशाळेत गुरूचा आकार गिरवलेला विद्यार्थी घरी जाऊन तोच विकायला ठेवतो, तेव्हा प्रश्न जास्त नाजूक होतो. गिरवल्याशिवाय हात बसत नाही, हे गुरूलाही ठाऊक असतं. पण शिकताना गिरवलेलं विकायचं असेल तर विचारायला हवं, निदान नाव तरी घ्यायला हवं, असं मला ठामपणे वाटतं. आणि एकट्या कलाकाराचा कप उचलून साच्यात हजारोंनी ओतणाऱ्या कंपनीला परंपरेचा आधार घेऊ देणं मला पटत नाही. तिथे ना शिकणं असतं, ना हात.

अशा वेळी कलाकाराकडे दाखवायला काय असतं? तारखा घातलेली वही आणि ग्लेझच्या चाचणीसाठी भाजलेल्या मातीच्या टिकल्यांचा डबा. अंगठ्याएवढ्या प्रत्येक टिकलीच्या मागे लोखंडी ऑक्साइडने क्रमांक लिहिलेला असतो, वहीत त्याच क्रमांकापुढे राख किती, फेल्डस्पार किती, भट्टीत कुठल्या फळीवर ठेवली होती. चाळीस टिकल्या करपलेल्या, फोड आलेल्या, ओघळून फळीला चिकटलेल्या. एकेचाळिसावीवर ते दुधी ग्लेझ बुडाच्या दोन बोटं वर थांबलेलं.