हिप-हॉप व्हायोलिन

हिप-हॉप व्हायोलिन : पाश्चात्त्य अभिजात पद्धतीने शिकलेल्या वादकाने हिप-हॉपच्या, म्हणजे ठेक्यावर लयीत शब्द म्हणण्याच्या (रॅप) अमेरिकी संगीतप्रकाराच्या, ठेक्यावर आणि त्या संगीताच्या रचनानियमांना धरून केलेले व्हायोलिनवादन. या वादनाला स्वतंत्र ओळख मिळाली ती अमेरिकेत, २००० नंतरच्या दशकात. मिरी बेन-आरी, डॅनियल बर्नार्ड रूमेन, ‘ब्लॅक व्हायोलिन’ ही जोडी आणि ‘नटिन बट स्ट्रिंग्ज’ हे भाऊ ही या क्षेत्रातील ठळक नावे होत.

व्हायोलिन हे गोऱ्या उच्चभ्रूंचे वाद्य आणि हिप-हॉप हे कृष्णवर्णीय वस्त्यांचे गाणे, अशी विभागणी सर्रास केली जाते. इतिहास मात्र तिला दुजोरा देत नाही. गुलामगिरीच्या काळात अमेरिकेतील मळ्यांवर नाचगाण्याला साथ करणारे अनेक फिडलवादक (लोकसंगीताच्या ढंगाने व्हायोलिन वाजवणारे) कृष्णवर्णीय होते. १८४१ मध्ये फसवून गुलाम केला गेलेला न्यूयॉर्क राज्यातील स्वतंत्र नागरिक सॉलोमन नॉर्थअप हा असाच वादक होता, आणि त्याला जाळ्यात ओढले गेले तेही वादनाच्या कामाचे आमिष दाखवूनच. पुढे जॅझमध्ये स्टफ स्मिथ (१९०९–१९६७) याने विजेच्या ध्वनिवर्धनाचा वापर करून व्हायोलिनला वाद्यवृंदाच्या गोंगाटातही ऐकू जाईल असा आवाज मिळवून दिला. त्याच्या १९६५ सालच्या एका ध्वनिमुद्रिकेच्या नावावरूनच ‘ब्लॅक व्हायोलिन’ या जोडीने आपले नाव घेतले.

हिप-हॉपचा उगम न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात १९७३ च्या सुमारास झाला. त्यात तंतुवाद्ये प्रथम आली ती वादकांच्या हातून नव्हे, तर जुन्या सोल आणि डिस्को तबकड्यांतून उचललेल्या तुकड्यांच्या, म्हणजे सँपलच्या रूपाने. १९९१ मध्ये न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयाने परवानगीशिवाय सँपल वापरण्याविरुद्ध निकाल दिला आणि ही सवय महागात पडू लागली. मूळ ध्वनिमुद्रण वापरायचे तर मुद्रण आणि रचना अशा दोन्ही हक्कांची परवानगी लागते. तीच सुरावट नव्याने वाजवून घेतली तर केवळ रचनेचा हक्क पाहावा लागतो, आणि हक्काची मुदत संपलेल्या बाखसारख्या जुन्या रचनाकारांच्या बाबतीत तोही प्रश्न उरत नाही. स्टुडिओत प्रत्यक्ष वादक बोलावणे सोयीचे ठरू लागले, त्यामागे सौंदर्यदृष्टीइतकाच हा हिशेबही असावा.

वादनतंत्राच्या दृष्टीने पाहता, अभिजात शिक्षणाचा काही भाग येथे कामी येतो आणि काही विसरावा लागतो. स्वरांचा नेमकेपणा, डाव्या हाताची चपळाई आणि गजावरील ताबा उपयोगी पडतो. अभिजात गायकीच्या धाटणीचा भरघोस स्वरकंप मात्र बहुधा आवरावा लागतो. मोठी अडचण लयीची असते. मिनिटाला साधारण ८० ते १०० मात्रांच्या चालीत, चार मात्रांच्या आवर्तनातील दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर जोर येतो आणि सूर पुष्कळदा मात्रेच्या किंचित मागे रेंगाळत ठेवायचा असतो. स्वरलेखनात हे अंतर नीट उतरत नाही, त्यामुळे कागदावरून वाजवण्यात तरबेज असलेला वादकही येथे अवघडतो. ठेका व्हायोलिनवरच धरायचा असेल तर ‘चॉप’ ही क्लृप्ती वापरतात. गजाचा मुठीकडचा भाग तारांवर आपटून स्वराऐवजी कोरडा आघात काढायचा आणि गज उचलताना त्याला बारीक खरखरीची जोड द्यायची, असे तिचे स्वरूप आहे. ती रिचर्ड ग्रीन या वादकाने १९६० च्या दशकात ब्लूग्रास या अमेरिकी ग्रामीण संगीतप्रकारात रुजवली. वाजवलेला तुकडा मुद्रित करून पुन:पुन्हा ऐकवणाऱ्या, पायाने चालवायच्या लूप पेडलमुळे एकच वादक आधी असा ठेका, मग बोटांनी छेडलेली खालची सुरावट आणि शेवटी गजावरची मुख्य धून एकावर एक रचू शकतो. व्हायोलिनची सर्वांत खालची तार १९६ हर्ट्झच्या आसपास असते. ड्रम मशीनचा खर्ज तिच्या बराच खाली राहतो, त्यामुळे त्याच्याशी टक्कर होत नाही. रॅपरचा आवाज मात्र मधल्या पट्ट्यात असल्याने शब्द चालू असताना व्हायोलिनला एक तर वर जावे लागते किंवा गप्प राहावे लागते.

रचनेतील फरक याहून खोल आहे. सोनाटा या अभिजात रचनाप्रकारात विषय मांडून तो फुलवत, मोडत न्यायचा असतो. हिप-हॉपमध्ये छोटा तुकडा न बदलता फिरत राहतो आणि बदल शब्दांत घडतो. ओळखीची अभिजात धून ड्रमच्या ठेक्यावर नुसती ठेवून दिली की दोन्ही संगीते एकमेकांशेजारी परक्यासारखी उभी राहतात, आणि या प्रकारातील पुष्कळसे वादन याच पायरीवर थांबलेले दिसते.

इस्राएलमध्ये १९७८ साली जन्मलेली मिरी बेन-आरी लहानपणी अभिजात वादन शिकली आणि न्यूयॉर्कला आल्यावर जॅझकडे वळली. रॅपर कान्ये वेस्टच्या पहिल्या अल्बममधील (२००४) एका गीताची सहरचनाकार म्हणून तिला २००५ मध्ये सर्वोत्कृष्ट रॅप गीताचे ग्रॅमी मिळाले. व्हायोलिनवादक केव्ह मार्कस आणि व्हायोला (व्हायोलिनहून किंचित मोठे, खालच्या स्वराचे वाद्य) वाजवणारा विल बी हे ‘ब्लॅक व्हायोलिन’चे दोघे फ्लॉरिडातील फोर्ट लॉडरडेल येथील डिलर्ड हायस्कूलच्या वाद्यवृंदात भेटले. विल बीला खरे तर सॅक्सोफोन शिकायचा होता, पण वर्ग मिळाला व्हायोलाचा. सरकारी शाळेत वाद्य आणि गुरू उपलब्ध नसते तर ही जोडी घडली नसती, हे त्यांच्या बाबतीत नि:शंकपणे म्हणता येते. २००५ मध्ये हार्लेमच्या अपोलो थिएटरमधील प्रसिद्ध स्पर्धा जिंकल्यावर त्यांचे नाव झाले. डीजे आणि ड्रमवादक यांच्या साथीने ते कार्यक्रम करतात. ‘नटिन बट स्ट्रिंग्ज’चे, न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातील टूरी आणि डेमियन एस्कोबार हे भाऊ २००८ मध्ये ‘अमेरिकाज गॉट टॅलेंट’ या दूरचित्रवाणी स्पर्धेत तिसरे आले आणि काही वर्षांनी वेगळे झाले.

रूमेनची वाट या सर्वांहून निराळी आहे. हैती वंशाचा हा वादक रीतसर रचनाशास्त्र शिकलेला असल्याने त्याने हिप-हॉपला अभ्यासिका (वादनतंत्राच्या सरावासाठी लिहिलेल्या रचना) आणि वाद्यवृंदरचना या लिखित प्रकारांत आणले. अशा रचना मंचावर आणताना व्यावहारिक पेच उभा राहतो: मोठ्या वाद्यवृंदातील वादक निर्देशकाच्या हाताकडे पाहून एकत्र येतात आणि लय थोडी लवचिक ठेवतात, तर ड्रम मशीन तसूभरही हलत नाही. त्यामुळे निर्देशकाच्या कानात मात्रांचे ठोके देणारे यंत्र बसवणे किंवा ठेक्याची जबाबदारी प्रत्यक्ष ड्रमवादकाकडे सोपवणे, यांपैकी एक मार्ग बहुधा पत्करावा लागतो.