कॅमेऱ्याचा स्मार्ट चष्मा

रोजच्या वापराच्या चष्म्यात कॅमेरा, मायक्रोफोन, स्पीकर, छोटा प्रोसेसर आणि बॅटरी बसवलेले उपकरण. ते ब्लूटूथ व वायफायने मोबाइलशी जोडलेले असते. फोन खिशातून न काढता, दोन्ही हात मोकळे ठेवून, आपल्याला दिसते तेच दृश्य टिपणे हा त्याचा मूळ उपयोग. काचेत पडदा असलाच पाहिजे असे नाही. आजच्या बहुतेक लोकप्रिय चष्म्यांत तो नसतो.

ग्राहकांसाठी असे उपकरण आणण्याचा पहिला मोठा प्रयत्न म्हणजे गूगल ग्लास. २०१३ मध्ये निवडक खरेदीदारांना ते १,५०० डॉलरला मिळू लागले. कॅमेरा ५ मेगापिक्सेलचा होता आणि उजव्या डोळ्यावर दृश्य दाखवणारा छोटा लोलक होता. किंमत जास्त, दिसायला ते चमत्कारिक, आणि समोरच्याला आपले चित्रण होते आहे की नाही हेच कळत नसे. काही उपाहारगृहांनी ते घालून येण्यास मनाई केली. जानेवारी २०१५ मध्ये ग्राहकांसाठीची विक्री थांबली. २०१६ मध्ये स्नॅपचॅट ॲपच्या स्नॅप कंपनीने १३० डॉलरचा ‘स्पेक्टॅकल्स’ आणला. तो एका वेळी १० सेकंदांची वर्तुळाकार चित्रफीत घेई आणि चित्रण चालू असताना पुढचे दिव्यांचे कडे उजळे. चष्मा आधी चष्म्यासारखा दिसला पाहिजे, हे सूत्र मात्र फेसबुक (आताची मेटा) कंपनी आणि रे-बॅन हा चष्म्यांचा ब्रँड यांच्या भागीदारीमुळे पक्के झाले. २०२१ मध्ये ‘रे-बॅन स्टोरीज’ आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये ‘रे-बॅन मेटा’ बाजारात आले. २०२५ मध्ये त्याच मालिकेत उजव्या काचेत पडदा असलेला ७९९ डॉलरचा चष्मा आला. तो मनगटपट्ट्यातून स्नायूंचे विद्युतसंकेत वाचून चालवता येतो.

रचना समजून घ्यायला २०२३ चा चष्मा सोयीचा आहे. वजन सुमारे ५० ग्रॅम, कॅमेरा १२ मेगापिक्सेलचा, साठवण ३२ जीबी, मायक्रोफोन पाच. कॅमेरा चौकटीच्या एका कोपऱ्यात आणि दुसऱ्या कोपऱ्यात चित्रणदर्शक दिवा असतो. उजव्या दांडीवर वरच्या बाजूला बटण असते: एकदा दाबले की छायाचित्र, दाबून धरले की चित्रफीत. त्याच दांडीच्या बाहेरच्या बाजूवर बोट सरकवून आवाज कमीजास्त करतात. स्पीकर कानात जात नाहीत, दांडीतून कानाच्या दिशेने आवाज सोडतात. म्हणून रहदारीचा आवाज ऐकू येत राहतो, पण शांत खोलीत शेजाऱ्यालाही आपले संभाषण थोडेफार ऐकू जाते.

नवख्या वापरकर्त्याचे चित्रण बिघडते ते बहुधा एकाच कारणाने. डोळे फिरतात, कॅमेरा फिरत नाही. हातातले काम पाहताना आपण मान थोडी आणि नजर बरीच खाली नेतो. चित्रात मग समोरची भिंत येते आणि हात खालच्या कडेला तुटतात. हनुवटी मुद्दाम खाली घ्यावी लागते. दुसरी अडचण कॅमेऱ्याच्या जागेची. तो नाकाच्या रेषेपासून साधारण ६.५ सेंटिमीटर बाजूला असतो. तीन मीटरवरच्या वस्तूसाठी हा फरक जेमतेम सव्वा अंशाचा, पण ३० सेंटिमीटरवर तो १२ अंशांपर्यंत जातो. म्हणून सुईत दोरा ओवण्यासारखे जवळचे काम चित्राच्या एका बाजूला सरकते. ते कॅमेऱ्याच्या बाजूला थोडे सरकवून धरणे हा सोपा उपाय. भिंग रुंद कोनाचे असल्याने दूरच्या गोष्टी फारच लहान येतात, तेव्हा दोन पावले पुढे जाणेच बरे. मान झटकन वळवली तर चित्र पुसट होते. चालताना पाऊल हलके टाकावे आणि दृश्य बदलताना मनात तीन आकडे मोजत मान वळवावी. केसांची बट, टोपीची कड आणि भिंगावर उमटलेला बोटाचा ठसा हे तिन्ही आधी तपासावेत, कारण चित्र पाहायला समोर पडदाच नसतो.

बॅटरीबद्दलच्या तक्रारी समजायला हिशेब पुरेसा आहे. या चष्म्यातील बॅटरी १५४ मिलिअँपिअर-तास क्षमतेची, म्हणजे जवळजवळ ०.६ वॅट-तास. चित्रण, प्रक्रिया आणि वायफाय मिळून एक वॅट खर्च झाला तरी ती ३६ मिनिटांत संपेल. गाणी ऐकणे आणि अधूनमधून फोटो काढणे अशा मिश्र वापरात ती चार तासांपर्यंत टिकते. मोठी बॅटरी घातली की नाकावर आणि कानामागे भार येतो. त्यातच सारी उष्णता कानशिलाला टेकलेल्या दांडीत तयार होते. त्वचेला चटका बसू नये म्हणून तापमान वाढले की यंत्रणा चित्रण थांबवते. चित्रफितीची लांबी काही मिनिटांपुरती ठेवण्यामागे उष्णता आणि बॅटरी ही दोन्ही कारणे आहेत. लग्नसमारंभ किंवा तासाभराचे भाषण अखंड टिपण्यासाठी हे साधन नाही, आणि तशी अपेक्षा ठेवून ते घेऊ नये.

चित्रणदर्शक दिवा हा या चष्म्याचा सर्वांत महत्त्वाचा भाग मानला पाहिजे. फोन उगारला की समोरच्याला कळते. चष्मा तर चेहऱ्यावर असतोच. सप्टेंबर २०२१ मध्ये आयर्लंड आणि इटलीच्या विदा-संरक्षण (डेटा प्रोटेक्शन) यंत्रणांनी, रे-बॅन स्टोरीजचा हा दिवा लोकांच्या खरोखर लक्षात येतो का, असा प्रश्न फेसबुकला विचारला. पुढच्या आवृत्तीत दिवा मोठा झाला आणि तो झाकलेला असल्यास चित्रण सुरू होत नाही. तरी भर उन्हात तो सहज दिसत नाही, आणि त्याचा अर्थ माहीत नसलेल्याला तो दिसूनही उपयोग नाही. २०२४ मध्ये हार्वर्डच्या दोन विद्यार्थ्यांनी अशा चष्म्याचे चित्रण चेहरा-शोध सेवेला जोडून, अनोळखी माणसाचे नाव आणि इतर तपशील काही क्षणांत मिळतात हे दाखवले. म्हणून दिव्यावर विसंबू नये; तोंडाने सांगावे. स्वच्छतागृह, कपडे बदलण्याची खोली, दवाखाना, परीक्षागृह येथे चष्मा काढून त्याच्या डबीत ठेवावा. नंबरच्या काचा असतील तर अशा वेळेसाठी साधा चष्मा जवळ असावा. ही गैरसोय खरेदीआधी कोणाच्या लक्षात येत नाही.

अंध व्यक्तींना याचा उपयोग सर्वांत ठोस आहे. एका हातात पांढरी काठी असताना दुसऱ्या हाताने फोन धरून नेम साधणे कठीण. चष्मा घातला असेल तर मान वळवली की काम होते. गूगल ग्लासच्या व्यावसायिक आवृत्तीवर ‘एन्व्हिजन’ कंपनीने मजकूर वाचून दाखवणारा चष्मा तयार केला, तर ‘बी माय आइज’ या मदत-ॲपचे डोळस स्वयंसेवक रे-बॅन मेटातून दृश्य पाहून मदत करू शकतात. यासाठी फोनवर इंटरनेट चालू असावे लागते. दूरची बारीक अक्षरे मात्र वाचता येत नाहीत, आणि यंत्राच्या उत्तरावर भिस्त ठेवून रस्ता ओलांडू नये.

फोनमध्ये चित्रे उतरत नसतील तर आधी व्हीपीएन (इंटरनेट दुसऱ्या सर्व्हरमार्गे नेणारी सेवा) बंद करावे आणि ॲपला स्थानिक नेटवर्कची परवानगी आहे का पाहावे. चष्मा त्यासाठी तात्पुरते स्वतःचे वायफाय उभे करतो. चार्जिंग होत नसेल तर नाकाच्या पुलामागचे धातूचे संपर्कबिंदू कोरड्या मऊ कापडाने पुसावेत, तिथे घाम आणि तेल साचते. चष्म्याचा पाणीरोधक दर्जा आयपीएक्स४ आहे, म्हणजे शिंतोडे चालतात, बुडवणे नाही. नळाखाली धुणे किंवा चष्म्याच्या दुकानातल्या, ध्वनिलहरींनी स्वच्छता करणाऱ्या भांड्यात टाकणे टाळावे. साध्या चष्म्याची दांडी गरम करून वाकवतात, तशी ही वाकवू नये: आत बॅटरी आहे आणि बिजागरीतून तारपट्टी जाते. त्यामुळे बसणी खरेदीच्या वेळीच नीट पाहावी. महिनोन्महिने ठेवायचा असेल तर बॅटरी निम्मी भरलेली असावी. ती सहज बदलता येत नाही, आणि टाकून देताना चष्मा ई-कचऱ्यातच द्यावा.